कणसूर

आर्ब्रोथच्या बंदरामागे, जिथे मासे धुरावतात,
तिसऱ्या गल्लीत एल्स्पेथ गिलक्रिस्ट राहते.
एक्केचाळीस वर्षं तिने पियानो जुळवले:
चर्चमधले, शाळांतले, आणि गुत्त्यातला तो एक,
ज्याच्या पोटात दर वर्षी काहीतरी सापडायचं.
नाणी, केसांच्या पिना, एकदा कुणाची तरी कवळी.
आता बोटं वाकलीत.
कान शाबूत.

मंगळवारी चहा मुरत असताना फोन वाजला.
"मिसेस गिलक्रिस्ट? बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय.
घाबरू नका."
तोवर ती घाबरली नव्हती.
डंडीच्या एका दुकानात तिच्या कार्डावर
आत्ता, या घटकेला, कुणी टीव्ही घेतंय म्हणे.
"त्या तुम्ही नाही ना?"
ती नव्हती. ती स्वयंपाकघरात होती,
एका पायात मोजा, दुसरा हातात.

आवाज छान होता त्याचा.
खर्जाकडे झुकलेला, जुन्या लाकडासारखा.
कार्डाचे शेवटचे चार आकडे त्यानेच सांगितले.
गुडघ्याचं त्याने विचारलं नाही,
पण विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं.
रविवारपासून ती कुणाशी बोलली नव्हती,
मांजर सोडून.

पैसे हलवायचे होते. लगेच. एका सुरक्षित खात्यात.
शाखेत कळवायचं नाही, शाखेतलंच कुणी सामील आहे.
मुलाला? मुलालाही नको, इतक्यात.
ती पेन्सिलीने लिहून घेत होती
आणि अक्षर तिचं राहिलं नव्हतं.

"तुम्ही बँकेतले कशावरून?" तिने विचारलं.
तो खूश झाला. "हेच विचारायला हवं!
माझ्यावर विश्वास ठेवूच नका.
फोन ठेवा, कार्डामागचा नंबर बघा, तो फिरवा."

तिने ठेवला.
कार्ड पालथं केलं, चष्मा शोधला,
रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.
टूंऽऽऽ

तिची मान तिरकी झाली.
एखाद्या दिवशी नादकाटा घरी राहिला
तर ती गिऱ्हाइकाचाच फोन उचलायची.
डायल टोनमध्ये दोन सूर असतात, एकात एक मिसळलेले.
वरचा पियानोच्या मधल्या एशी तंतोतंत.
फुकट मिळणारा, कधी न चुकणारा सूर.

हा उतरलेला होता.
केसभर.
आणि दर चार-पाच सेकंदांनी त्यात एक शिवण,
फाटलं जोडावं तशी.
तिने ठेवला होता फोन.
त्याने ठेवलाच नव्हता.

नंबर तिने फिरवला नाही.
सवयीने म्हणाली, जशी शिकाऊ पोरांना म्हणायची,
"उतरलाय रे तुझा ए."

सूर थांबला.
कुणीतरी श्वास घेतला, अगदी जवळ.
मग खट्.

दुसरा मोजा न घालताच ती समोरच्या ग्रझिनाकडे गेली.
तिच्या मोबाइलवरून कार्डामागचा नंबर लावला.
पंचवीस मिनिटं संगीत वाजत राहिलं,
इतकं भिकार की ग्रझिनाने कान झाकले.
एल्स्पेथ मात्र निवांत बसून राहिली.
खऱ्या बँकेला घाई नसते,
हे तिला त्या भिकार संगीतातच पहिल्यांदा पटलं.
टीव्ही कुणीच घेतला नव्हता.

गल्लीच्या टोकाला फर्गस टलक राहतो.
गेल्या हिवाळ्यात असाच फोन त्यालाही आला होता.
बोटीचे पैसे गेले. त्याने कुणाला सांगितलं नाही,
लोक म्हणाले, कसा काय फसला एवढा शहाणा माणूस.
चाळीस वर्षं इंजिनाशेजारी उभा असलेला तो,
त्याला दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही.
केसभर उतरलेला सूर त्याने कुठून ऐकावा?

त्या संध्याकाळी एल्स्पेथ त्याच्याकडे गेली,
आणि मोठ्याने, शब्द सुटे करत, पहिल्यांदा हे सांगितलं
की अर्धा खातेनंबर तिनेही वाचून दाखवला होता.
फर्गस बराच वेळ काही बोलला नाही.
मग त्याने किटली चढवली.

पोलिसांना तिने तारीख दिली, वेळ दिली,
तो कागदही दिला, वाकड्या आकड्यांचा.
आवाजाबद्दल काही सांगता येईल का, त्यांनी विचारलं.
"छान होता," ती म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघत राहिली.